काळी तीन दणका देते

माझ्या एक्सपी-६० या कीबोर्डवरची मधल्या सप्तकातली काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, पावसाळ्यात दणका देते. म्हणजे कितीही हलक्या हाताने दाबा, ती आपली फुल्ल जोरात वाजणार, बाजूच्या सगळ्या पट्ट्या गुमान वाजत असताना. एकदा माहीत झालं की त्याचं काही विशेष राहत नाही, जून ते सप्टेंबर गायकाने काळी तीनचा सा सांगितला की मी पांढरी एक सा धरून ट्रान्सपोज मारतो, म्हणजे बटणाने सगळे सूर तेवढे सरकवतो, मग ती पट्टी फक्त तीव्र मध्यमाला लागते, आणि आमच्या शोमधल्या गाण्यांत तीव्र मध्यम येऊन येऊन किती येणार, यमनातलं एखादं भावगीत आलं तर तेवढ्यापुरतं सांभाळायचं. ऑक्टोबरात ऊन पडलं की ती आपोआप सुधारते. दरवर्षी.

एक्सपी-६० म्हणजे रोलँडचा १९९८ सालचा सिंथेसायझर. ६१ पट्ट्या, एकावेळी ६४ आवाज, वाजवलेलं साठवून परत वाजवणारा सोळा ट्रॅकचा सिक्वेन्सर, फ्लॉपी, आणि आत जादा आवाजांचे चार बोर्ड बसवायची सोय. त्याच्या आधी १९९५ चा एक्सपी-५०, मग ७६ पट्ट्यांचा एक्सपी-८०, आणि नंतर १९९९ ला आलेला एक्सपी-३०, ही सगळी एकाच घरातली भावंडं. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या कुठल्याही माणसाला नुसतं ‘एक्सपी’ म्हटलं की कळतं. आमच्या भागात म्हणजे कोल्हापूर, इचलकरंजी, हातकणंगले, खाली निपाणीपर्यंत, अजूनही एखाद्या गावच्या स्टेजवर साध्या लोखंडी स्टँडवर हा काळा खोका दिसतो आणि त्याच्यामागे कोणीतरी पन्नाशीचा माणूस चष्मा कपाळावर चढवून बसलेला असतो.

माझा सेकंडहँड आहे. एका जुन्या ऑर्केस्ट्रातल्या अण्णांकडून घेतला, त्यांची बोटं सांधेदुखीने आखडली तेव्हा. भावात त्यांनी काही घासाघीस केली नाही, एकच सांगितलं, की युजर बँकेतले माझे पॅच, म्हणजे मी स्वतः रचून साठवलेले आवाज, पुसू नको. त्यावर नंतर येतो, कारण या सगळ्या प्रकरणात टिकायची खरी भानगड तिथेच आहे असं मला वाटतं.

आधी स्टेजचं सांगतो. कीबोर्ड स्टुडिओत वीस वर्षं टिकला तर त्यात फार काही नाही, तिथे एसी असतो, कव्हर असतं, चप्पल बाहेर काढायला लावतात. आमच्याकडे सुपारी, म्हणजे ठरलेला कार्यक्रम, म्हटलं की गणपती, नवरात्र, शिवजयंती, १४ एप्रिलला भीमगीतं, लग्नाची हळद, कोणाच्या तरी रिटायरमेंटचा सत्कार, आणि मग गावोगावच्या जत्रा. टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांवर ठेवलेला, मे महिन्यात दुपारी दोनला ताडपत्रीखाली भाजलेला, रात्री नऊला जनरेटरवर लावलेला. जनरेटरवाल्याने मधेच आणखी चार हॅलोजन जोडले की लाइट बसते, मिक्सरचे दिवे मंद होतात, आणि तुम्ही मनातल्या मनात म्हणता की आता गेला. त्यात काही पीस जपान-अमेरिकेकडून फिरत फिरत आलेले असतात, ते १०० किंवा ११७ व्होल्टचे, त्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि घाईत कोणीतरी मदतीला म्हणून येतो आणि पिन सरळ २३० च्या बोर्डात घालतो. असे मेलेले एक्सपी मी बघितलेत. त्यांना म्हातारपण आलंच नाही.

लग्नातले शो वेगळ्या तऱ्हेने खातात. अक्षता पडताना आम्ही मंगलाष्टकांच्या मागे सूर धरून उभे असतो, आणि लोक काय नेम धरून टाकत नाहीत, तांदूळ पट्ट्यांच्या फटीत जातात. एक दाणा पट्टीखाली अडकला की ती अर्धीच दबते. कीबोर्ड उलटा करून हलवायचा, खुळखुळ्यागत आवाज येतो, चार दाणे पडतात, पाचवा कुठेतरी आत राहतो तो पुढच्या लग्नात निघतो.

पण खरा माल जत्रेत मिळतो. जोतिबाची चैत्र यात्रा आणि पट्टणकोडोलीची यात्रा, या दोन ठिकाणी ज्याने वाजवलंय त्याला धूळ म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. जोतिबाला गुलाल. पट्टणकोडोलीला विठ्ठल बिरदेवाचा भंडारा, तो तर हवेत असा उडतो की समोरचा ढोलकीवाला दिसत नाही. कीबोर्डवर ओला टॉवेल टाका, प्लास्टिक टाका, काही करा, तो आत जाणारच, स्लायडरच्या फटीतून जातो, पिच बेंडरच्या बुडातून जातो, फ्लॉपीच्या तोंडातून जातो. मामांनी पहिल्यांदा माझा एक्सपी उघडला तेव्हा आत पिवळा थर होता, त्याच्यावर गुलाबी, त्याच्यावर परत पिवळा. मामा म्हणाले, "हे बघ, कुठल्या साली कुठे वाजवलास ते सगळं आत लिवलंय."

मामा म्हणजे आमचे रिपेअरवाले. टीव्ही दुरुस्त करत होते, टीव्ही लोकांनी दुरुस्त करणं बंद केलं तशी अॅम्प्लिफायर आणि कीबोर्डवर आले. जिन्याखालची खोली, त्यात एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि भिंतीवर सगळ्या देवांची कॅलेंडरं. पार्ट लागला तर मुंबईला लॅमिंग्टन रोडला फोन, नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत कोणाला तरी पाठवणार. त्यांच्याकडे बसून बसून मला कळलं की कीबोर्डची पट्टी म्हणजे काय चीज आहे.

प्रत्येक पट्टीच्या खाली रबराची पट्टी असते, तिच्यावर काळे कार्बनचे ठिपके, आणि त्याच्या खाली सर्किट बोर्डवर तसेच काळे पॅड. एका पट्टीला असे दोन कॉन्टॅक्ट. पट्टी दाबली की आधी एक टेकतो, मग दुसरा, आणि दोन्हीच्या मधे किती वेळ गेला त्यावरून मशीन ठरवतं की तुम्ही जोरात मारलं की हळू. बस, एवढंच, आपण ज्याला हाताचं वजन, नजाकत वगैरे म्हणतो ते मशीनला फक्त ह्या मधल्या वेळेवरून कळतं. आता त्या ठिपक्यावर घाम, धूळ आणि ओल यांचा एक पापुद्रा बसला, की पहिला कॉन्टॅक्ट टेकूनही कळत नाही किंवा उशिरा कळतो, वेळ चुकीची मोजली जाते, आणि पट्टी एकतर मुकी होते नाहीतर दणका देते. माझी काळी तीन म्हणजे हेच. पावसाळी दमटपणा आणि त्या एका ठिपक्याचा घासलेला कार्बन.

इलाज सोपा आहे. तळाचे स्क्रू काढायचे, पट्ट्यांचा सांगाडा बाहेर घ्यायचा, रबर सोलून काढायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसायचं, सुकवून परत बसवायचं. काही लोक शिसपेन्सिल घासतात. मामांना ते बघितलं की राग येतो, म्हणतात शिशाची पूड दोन पॅडच्या मधे सांडली की मग पट्टी न दाबताच वाजंल, भुतागत. माझी काळी तीन पुसून पुसून आता कार्बनच पातळ झालाय, तिला नवीन रबरच पाहिजे, आणि नवीन रबर मिळणं ही वेगळी कथा आहे.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. स्टेजवरच्या या सगळ्या छळात पहिले जातात ते हलणारे पार्ट. पट्टीचा कॉन्टॅक्ट, व्हॉल्यूमचा स्लायडर (खरखरतो, आणि एका जागी आवाज गुल होतो), बटणं (दोनदा दाबावी लागतात, मग तीनदा), मागचा जॅक. मधला बोर्ड, जिथे खरा आवाज तयार होतो, तो बिचारा काहीच तक्रार करत नाही. चिपमधला आवाज चिपमधे शिजवूनच दिलेला असतो, त्याला झिजायला काही जागाच नाही. अपवाद कॅपॅसिटरचा. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरच्या आत ओलं रसायन असतं ते उष्णतेने सुकत जातं, आणि साधारण हिशोब असा धरतात की तापमान दहा अंश वाढलं की आयुष्य निम्मं. त्यामुळे कीबोर्ड टेम्पोत टाकताना वाजवण्यापेक्षा भाजण्याची काळजी जास्त घ्यावी. आमच्याकडे सगळे उलट करतात, पट्ट्यांना कोणी हात लावू देत नाहीत आणि अख्खी दुपार खोका उन्हात.

सुराचंही तसंच. रॉबर्ट मूगचा मिनिमूग १९७० चा, पुढे १९७८ ला आलेला प्रॉफेट-५, ही मोठी नावाजलेली अॅनालॉग मशीनं, पण ती गरम झाली की सूर सरकतो, प्रॉफेटवर तर त्यासाठी ट्यूनचं बटणच दिलेलं आहे, कार्यक्रमाच्या मधे दाबायला. हॅलोजनच्या उजेडात घाम गाळत बसलेल्या माणसाला हे परवडणारं नाही. १९८३ चा यामाहाचा डीएक्स-७ आला, स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांच्या एफएम पद्धतीवरचा, पूर्ण डिजिटल, तेव्हापासून सूर सरकण्याची भानगड संपली, कारण आत क्रिस्टल ठोके देतो आणि तो मे महिना ओळखत नाही. १९८८ च्या कॉर्ग एम१ मधे सगळ्या आवाजांना मिळून चार मेगाबाइट जागा होती. चार! आता मोबाइलमधला एक फोटो त्याहून मोठा निघतो. आणि त्यावर लोकांनी वर्षानुवर्षं कार्यक्रम केले.

आता कोणी म्हणेल, जुनं ते सोनं. मला हे अजिबात मान्य नाही. जुन्यांपैकी जे टिकले ते आपल्याला दिसतात, जे मेले ते भंगारात गेले, त्यांच्याबद्दल कोणी गोडवे गात नाही. आणि चांगल्या चांगल्या मशीनांच्या पोटात काय काय निघालंय ते बघा. रोलँडचाच ज्युनो-१०६, १९८४ चा, अजून लोक त्याच्यासाठी वेडे आहेत. त्यात सहा आवाज, प्रत्येक आवाजाला एक छोटं मॉड्यूल, आणि त्या मॉड्यूलवर संरक्षण म्हणून काळ्या रेझिनचा लेप. वर्षं गेली तसा तो लेपच खराब झाला, त्यातून वीज झिरपायला लागली आणि आतला आवाज मेला. एक मॉड्यूल गेलं की वाजवताना दर सहावा सूर गायब किंवा फुसका, काय मजा बघा, वाजवणाऱ्याला वाटतं आपलं बोट चुकतंय. लोकांनी उपाय शोधला की मॉड्यूल काढून अॅसिटोनमधे भिजत घालायचं, लेप विरघळवायचा, आणि उघडंबोडकं परत बसवायचं, तर पुष्कळदा ते चालतं. वाचवायला लावलेल्या लेपानेच मारलं.

दुसरं, १९९१ चा जेडी-८००. त्याच्या पट्ट्यांना वजन यावं म्हणून आत धातूचे तुकडे लाल गोंदाने चिकटवले होते. बरीच वर्षं ठीक होतं, मग तो गोंद परत पातळ व्हायला लागला आणि खाली कॉन्टॅक्टवर गळायला लागला, पट्ट्या चिकटल्या. ते काढायला लोक कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात पट्ट्या बुडवून ठेवतात, हातमोजे घालून. जपानच्या हवेत जे सावकाश होतं ते आपल्या उन्हात किती लवकर होत असेल याचा विचार करा. म्हणजे बघा, दोन्ही उत्तम मशीनं, दोन्हीच्या मागे चांगले इंजिनियर, आणि दगा कशाने दिला तर लेप आणि गोंद. कारखान्यातून बाहेर पडताना हे कोणालाही दिसणं शक्य नव्हतं. टिकाऊपणा बराचसा नशिबाचा भाग असतो आणि ते कळायला पंचवीस वर्षं जावी लागतात.

मग मी एक्सपीच का घेऊन फिरतो?

मधे एक नवा कीबोर्ड मी पण घेतला होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष एका कंपनीचा आहे असं मला वाटत नाही. वजनाला हलका, आवाज सुंदर, तबला-ढोलक खराखुरा, रंगीत टच स्क्रीन. हळदीचा कार्यक्रम होता, गायकाने आलाप घेतला, मी पुढच्या गाण्याचा सेट निवडला आणि स्क्रीन तिथेच थांबली. बंद करून चालू केला तर कंपनीचं चिन्ह फिरत बसलं. फिरतंय फिरतंय. आमचा ऑक्टोपॅडवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा, भला माणूस, त्याने र्‍हिदम धरून ठेवला, दुसऱ्या कीबोर्डवर कॉर्ड धरणाऱ्याने माझे मधले पीस पण वाजवले, लोकांना काही कळलं नाही. नवा कीबोर्ड परत चालू झाला आणि नंतर कधीही तसा अडकला नाही. आणि हेच मला जास्त खटकलं. का अडकला ते मला कळलं नाही, मामांना उघडून कळलं नसतं, कंपनीच्या माणसाने ‘अपडेट मारून घ्या’ सांगितलं, मारलं, पण त्यानंतर प्रत्येक शोला सेट बदलताना माझं पोट आवळायचं. तो शेवटी मी विकला, चांगल्या भावात गेला.

एक्सपी कमी बिघडतो असं मी कधीच म्हणणार नाही. तो जास्त बिघडतो. पण त्याचे बिघाड मला पाठ आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा कुठला खोकला साधा आणि कुठल्याला रिक्षा बोलवायची हे घरच्यांना बरोबर कळतं, तसं झालंय. स्लायडर खरखरला तर दोन-चारदा वर-खाली करायचा. स्क्रीन मंद झाली तर काही बिघडत नाही, पॅचचा नंबर बोटाला माहीत आहे. डावा आउटपुट जॅक सैल आहे, साउंडवाल्याने पिन लावली की वायर स्टँडला एक वेढा मारून घ्यायची म्हणजे ओढ बसत नाही. आणि लाइट गेली-आली तर काही सेकंदांत तो परत वाजायला तयार असतो, त्याला कशाची आठवण काढत बसायची नसते, इंटरनेट लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. १९९८ साली जेवढं येत होतं तेवढंच आज येतं. स्टेजवर उभं राहून वाजवणाऱ्याला आणि काय पाहिजे, मला तरी जास्त काही नको.

मिडीचं, म्हणजे एका वाद्याने दुसरं वाजवायच्या जोडणीचं, पण सांगायला पाहिजे. पाच पिनांची ती गोल वायर, १९८३ साली दोन वेगळ्या कंपन्यांची मशीनं त्या वायरने पहिल्यांदा जाहीरपणे जोडून दाखवली, आणि आजही माझ्या एक्सपीतून वायर काढून आजच्या मॉड्यूलला लावली की पहिल्या सुराला वाजतं. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि प्रॉफेटवाले डेव्ह स्मिथ, एकमेकांचे धंद्यातले स्पर्धक, यांनी त्यासाठी पुढाकार घेतला आणि दोघांना त्याबद्दल २०१३ मधे ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मिडीच्या घेणाऱ्या बाजूला आत एक छोटा प्रकाशाचा पार्ट असतो, वीज थेट पलीकडे जात नाही, दिवा लुकलुकतो आणि पलीकडे तो वाचला जातो. जनरेटरच्या अर्थिंगचा जिथे पत्ता नसतो तिथे ही गोष्ट किती मोलाची आहे ते हम्म आवाज ऐकून वैतागलेल्या माणसाला विचारा.

आणि आपल्याकडचा एक माणूस इथे आठवतो, चरणजित सिंग. मुंबईत फिल्मी ऑर्केस्ट्रात वाजवणारे, लग्नातही कार्यक्रम करणारे. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन मशीनं घेऊन, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, रागांवर डिस्कोचा ठेका लावून एक रेकॉर्ड केली. तेव्हा कोणी फार विचारलं नाही. २०१० ला ती परदेशात परत निघाली आणि तिकडचे लोक चक्रावले, कारण पुढे काही वर्षांनी तिकडे ज्या आवाजावर अॅसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा सगळा प्रकार उभा राहिला तो हा माणूस मुंबईत बसून आधीच करून बसला होता. मग सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपात स्टेजवर वाजवायला गेले, २०१५ ला वारले. टीबी-३०३ तर कंपनीनेच काही वर्षांत बंद केलं होतं, चाललं नाही म्हणून. कुठली वस्तू टिकणार हे ती विकणाऱ्याला पण कळत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

आता अण्णांचे पॅच. एक्सपीत तुम्हाला स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून घालता येत नाही, त्यात जे वेव्ह, म्हणजे मूळ कच्चे आवाज, दिलेत तेवढेच. एका पॅचमधे चार टोन असतात, चार वेगवेगळे वेव्ह एकावर एक रचायचे, प्रत्येकाचा फिल्टर, प्रत्येकाचा चढ-उतार वेगळा. इंडियन टोनचा बोर्ड कंपनीने काढला होता, आशियाई वाद्यांचा, पण तो सगळ्यांना कुठला परवडायला. तर अण्णांनी काय केलं, ओबोचा, म्हणजे सनईच्या जातीच्या विलायती वाद्याचा, वेव्ह घेतला, त्याची सुरुवात जरा खालून वर घसरेल अशी केली, दुसरा टोन किंचित बेसूर करून मागे ठेवला, तिसऱ्यात नुसती फुंक, मोनो आणि पोर्टामेंटो चालू (एकावेळी एकच सूर, आणि एकावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा), आणि सनई तयार. अगदी बिस्मिल्ला नाही, पण मांडवात कर्ण्यावर लावली की नवरीकडच्या आज्जीने डोळ्याला पदर लावावा इतपत नक्की. तशीच पिपाणी, तशीच तुतारी, आणि एक पॅच नुसता गावाकडच्या हार्मोनियमचा, भाता जुना झालेल्या. १२८ पॅचची युजर बँक, त्यातले बरेचसे त्यांनी वर्षानुवर्षं रात्री शोवरून आल्यावर बसून केलेले. पॅचच्या नावाला बाराच अक्षरं मिळतात, त्यात त्यांनी गावांची नावं टाकलीत, त्या त्या गावच्या जत्रेसाठी केलेला म्हणून.

आणि हे सगळं कशावर उभं आहे, तर तीन व्होल्टच्या एका बटणसेलवर. घड्याळाच्या दुकानात मिळतो तो सीआर-२०३२. मूळ आवाज रॉममधे पक्के असतात, पण युजर बँक या सेलच्या जिवावर जागी असते. सेल बरीच वर्षं जातो आणि त्यामुळेच लोक त्याला विसरतात. डीएक्स-७ मधे तर तो बोर्डला सोल्डर केलेला, म्हणजे बदलायलाच माणूस लागतो. सेल संपला की एका सकाळी मशीन एकदम ठणठणीत चालू होतं, पट्ट्या वाजतात, सगळं वाजतं, फक्त एका माणसाचं आयुष्यभराचं काम नसतं. यंत्र धडधाकट आणि आतला माणूस गेला, असे एक्सपी मी स्वतः वाजवलेत, विकत घेणाऱ्याला त्यात काही कमी वाटत नाही कारण काय होतं ते त्याला माहीतच नसतं.

म्हणून फ्लॉपी. आणि फ्लॉपीचं काय सांगू, सोनीने जपानमधे २०११ च्या मार्चमधे विकणं बंद केलं, जुन्या आहेत त्यांना बुरशी धरते, ड्राइव्हमधे भंडारा. मामांनी ड्राइव्ह काढून तिथे यूएसबीचं एक गबाळं बसवलंय, पेन ड्राइव्ह लावला की मशीनला वाटतं फ्लॉपीच आहे. शिवाय मिडीच्या वायरने सगळी बँक कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलीय, बहिणीच्या लॅपटॉपवर एक, माझ्या मेलवर एक. सेल बदलायचा असेल तर हा उतारा आधी घ्या, तो परत भरून बघा, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. याच क्रमाने.

तर, आमच्या ग्रुपमधे एक पोरगा आहे, हुशार, लॅपटॉपवर वाजवतो. रोलँडने त्या जुन्या घराण्यातला जेव्ही-१०८० आता सॉफ्टवेअर म्हणून काढलाय, त्याच्याकडे तो आहे. एका रविवारी घरी आला, म्हणाला दादा, अण्णांची सनई मी यात करून बघतो. एक्सपीच्या स्क्रीनवर आकडे बघत बघत त्याने चारही टोन हाताने भरले, वेव्हची नावं बरीचशी तीच, दोन-अडीच तास गेले, मधे चहा झाला. मग वाजवून दाखवलं. मी दोन्ही लागोपाठ ऐकले, डोळे मिटून, परत ऐकले. खरं सांगायचं तर फरक काढणं अवघड होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता, झाला पण, आणि थोडं चिडायला पण झालं, इतकी वर्षं हा खोका उचलून उचलून कंबर गेली ती कशासाठी मग. अण्णांना फोनवर ऐकवलं तर ते म्हणाले, "बरी आहे. फुंक जरा कमी कर." म्हणजे त्यांना पण कुठल्या मशीनवर आहे याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं.

रबर अजून मिळालेलं नाही. एका मेलेल्या एक्सपीची रबराची पट्टी आहे असं मिरजेहून कोणीतरी कळवलंय, तिच्यातली काळी तीन बरी असेल तर तेवढाच तुकडा कापून बसवायचा असं मामांचं म्हणणं आहे. बघू.

तो लॅपटॉपवाला पोरगा परवा परत आला होता, यावेळी लॅपटॉप न घेता. जोतिबाच्या डोंगरावर सुपारी आहे म्हणाला, चैत्र यात्रेची, दोन दिवस. इकडचं तिकडचं बोलला, चहा प्यायला, आणि मग उठता उठता म्हणाला, "दादा, तुमचा एक्सपी मिळंल का? लॅपटॉप गुलालात न्यायला जीव होत नाही." म्हटलं ने की. स्टँड पण ने, आणि येताना धुऊन आण, म्हणजे स्टँड.